डिम-फुल: कॅरीतल्या सामाईक घरांची पंचवीस वर्षं

अमेरिकेत लाइट जात नाहीत, असं १९९०च्या दशकात पुण्या-मुंबईहून निघालेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगितलेलं असायचं. उत्तर कॅरोलायनातल्या कॅरीत येऊन राहिलेल्यांना पहिले काही महिने ते पटायचंही. रस्त्यावरचे दिवे रात्रभर जळत, ऑफिसातला एसी कधी धापा टाकत नसे, आणि इन्व्हर्टर नावाची वस्तू कुणाच्याच घरात दिसत नसे. मग एखाद्या संध्याकाळी दोन बेडरूमच्या भाड्याच्या घरात एकाने मायक्रोवेव्ह लावला, दुसऱ्याने इस्त्री लावली, आणि हॉलमधला दिवा मंद होऊन पुन्हा उजळला. चौघांपैकी कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. व्होल्टेज हलतं, त्यात काय एवढं!

पंचवीस वर्षांकडे मागे वळून बघताना मला या ‘त्यात काय एवढं’बद्दलच लिहायचं आहे. महाराष्ट्रात दिवा डिम-फुल झाला की कारण बहुधा घराबाहेर असायचं. डीपीवर लोड आलेला असायचा, कुठेतरी फेज गेलेला असायचा, गावाकडे विहिरींवरच्या मोटारी सुरू झालेल्या असायच्या. आपल्या हातात काही नसायचं. वायरमनला निरोप धाडायचा, टीव्हीचा प्लग काढायचा आणि वाट बघायची. कॅरीत तारांवर झाड पडलं तर लाइट जातात, ते सगळ्यांचे जातात आणि सगळ्यांना कळतात. पण एकाच घरातला दिवा वारंवार हलत असेल, तर कारण बहुतेक वेळा त्याच घराच्या भिंतीत असतं. आणि इथली भिंत लाकडाची असते.

कॅरी हे फार जुनं शहर नव्हे. १९७० साली इथली वस्ती आठ हजारांच्याही आत होती. शेजारी रिसर्च ट्रँगल पार्क १९५९मध्ये उभं राहिलं, १९६५ साली तिथे आयबीएम आली, १९८०मध्ये सॅस ही सॉफ्टवेअर कंपनी शेजारच्या रॅली शहरातून थेट कॅरीत आली, आणि पाइनची झाडं तोडून वसाहती उठू लागल्या. २०००च्या जनगणनेत वस्ती ९४ हजारांवर गेली, २०२०मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात. या वाढीतला एक मोठा भाग आपल्या लोकांचा. वायटूकेच्या कामाने दार उघडलं, त्यापाठोपाठ एच-वन-बी व्हिसांची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून आधी १ लाख १५ हजारांवर आणि २००१ पासून तीन वर्षं १ लाख ९५ हजारांवर नेण्यात आली. आयबीएम, सिस्को, नॉर्टेल, सगळीकडे माणसं हवी होती. माणसं आली आणि अपार्टमेंटांमध्ये चार-चार, पाच-पाच जण मिळून राहू लागली.

त्या घरांची रचना सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रचनेतून आलं. तीन मजली इमारत, सांगाडा लाकडी पट्ट्यांचा, वरून जिप्समचे पत्रे ठोकलेले. वायरी भिंतीतल्या पोकळीतून, पट्ट्यांना पाडलेल्या भोकांतून नेलेल्या. बहुतेक ठिकाणी गॅस नाही. शेगडी विजेची, गिझर विजेचा, हीटर विजेचा, कपडे वाळवायचं यंत्रही विजेचं. ही मोठी यंत्रं २४० व्होल्टवर आपापल्या वेगळ्या वायरीवर चालतात. पण खोल्यांमधले दिवे आणि भिंतीवरचे प्लग १२० व्होल्टचे, आणि त्यांचे ब्रेकर बरेचदा १५ अँपिअरचे. म्हणजे एका ब्रेकरमागे जास्तीत जास्त १८०० वॅट. घर बांधणाऱ्याने एका बेडरूममध्ये एक माणूस, एक दिवा, एक टीव्ही एवढाच हिशेब धरलेला असतो. आमच्याकडे त्याच बेडरूममध्ये दोन गाद्या, दोन कॉम्प्युटर, एक इस्त्री, आणि थंडीत १५०० वॅटचा फिरता हीटर असे. हा एकटा हीटर साडेबारा अँपिअर खातो.

त्यात भर मिक्सरची. आईने बॅगेत घालून दिलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथल्या प्लगवर चालवायचा तर व्होल्टेज चढवणारा ट्रान्स्फॉर्मर लागतो. त्या काळी कॅरीतल्या जवळपास प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात ओट्याखाली तो काळा लोखंडी ठोकळा असे. उचलायला जड, बाजूला दोन बटणं, चालू केला की आधी एक ‘ठप्’ आणि मग सतत गुणगुण. हात लावला तर कोमट. खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली की पहिल्या क्षणी मिक्सर आणि ट्रान्स्फॉर्मर दोघंही वीज खेचत आणि स्वयंपाकघरातला दिवा खाली बसे. तो दिवा खाली बसला की आतून कुणीतरी ओरडे, “चटणी होतेय का रे?” इतकी त्याची सवय होती. मोटार सुरू होताना क्षणभर दिवा दबणं तसं स्वाभाविक आहे. उन्हाळ्यात एसीचा कॉम्प्रेसर सुरू होतो तेव्हाही ते होतं, कारण सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट मागते. अडचण एवढीच, की या निरुपद्रवी दबण्याची सवय झालेला डोळा पुढे धोक्याचं दबणंही तसंच सोडून देतो.

त्यातला फरक मला उमजला तो एका दुरुस्तीच्या वेळी. मित्रांच्या घरात बेडरूमचे दिवे आणि दोन प्लग आठवडाभर हलत होते, तेही हीटर लावला असतानाच. हीटर बंद केला की सगळं शांत. इलेक्ट्रिशियन आला. ज्या प्लगवर काही हलत नव्हतं तोच त्याने आधी उघडला. म्हणाला, खराबी बहुधा अलीकडच्या प्लगमध्ये असते, दिसते पलीकडे. एका प्लगमधून पुढच्या प्लगला, तिथून त्याच्या पुढच्याला अशी वायर फिरवलेली असते. त्या प्लगच्या मागे वायर स्क्रूखाली आवळलेली नव्हती, नुसती छिद्रात खुपसलेली होती. आतली छोटी स्प्रिंग तिला धरून ठेवते. बांधकामाच्या वेळी असं केलं की प्रत्येक प्लगमागे मिनिट-दोन मिनिटं वाचतात. वर्षानुवर्षं तापून आणि निवून ती स्प्रिंग सैल पडते. त्याने पांढरी वायर बाहेर ओढली तर शेवटचं बोटभर आवरण तपकिरी होऊन कडक झालेलं, दाबलं तर कुरकुरीत तुटत होतं. प्लगचं प्लास्टिक त्या बाजूने वितळून आत बसलेलं.

यातला हिशेब साधा आहे आणि प्रत्येक भाडेकरूने तो एकदा करून बघावा. सैल जोडात अर्धा ओहम अडथळा धरा. त्यातून हीटरचा साडेबारा अँपिअर करंट गेला की तिथे सहा व्होल्ट गळतात. पाच टक्केच. जुन्या तारेच्या बल्बचा उजेड तेवढ्याने सहाव्या हिश्शाने कमी होतो, म्हणजे डोळ्याला जेमतेम जाणवेल इतका. पण त्या जोडात, स्क्रूच्या टोकाएवढ्या जागेत, ७८ वॅट उष्णता तयार होत असते. आणि ब्रेकर पडत नाही. तो का पडेल? करंट साडेबाराच आहे, पंधराच्या आत. ब्रेकरच्या दृष्टीने सगळं आलबेल असताना भिंतीतलं लाकूड शेकत असतं. बाहेरून त्याची खूण म्हणजे तो किंचित हललेला दिवा, तेवढीच.

ठिणग्या ओळखणारे ब्रेकर याच कारणाने पुढे आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेच्या १९९९च्या आवृत्तीने नव्या घरांच्या बेडरूमसाठी ते २००२ पासून बंधनकारक केले. आमच्यासारखे लोक राहत ती घरं १९८०-९०च्या दशकांतली, त्यांत ते नव्हते. याहून जुन्या, १९६५ ते १९७३च्या सुमाराच्या इमारतींमध्ये तांबं महागलं म्हणून प्लगपर्यंत ॲल्युमिनियमच्या वायरी घातल्या गेल्या होत्या. तिथले जोड धोकादायक तापण्याची शक्यता तांब्याच्या वायरींच्या घरांपेक्षा ५५ पट असल्याचं अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने पुढे सांगितलं. कॅरी उशिरा वाढलं, म्हणून अशी घरं इथे कमी, रॅलीच्या जुन्या भागांत अधिक. मात्र मीटरपासून घरातल्या पॅनेलपर्यंतची जाड केबल इथेही सर्रास ॲल्युमिनियमचीच असते, आणि तिचे बोल्ट वर्षानुवर्षं कुणी आवळत नाही.

डिसेंबर २००२ विसरता येत नाही. त्याआधी १९९६च्या सप्टेंबरात फ्रॅन चक्रीवादळाने रॅली-कॅरी परिसर आठवड्याहून अधिक काळ अंधारात ठेवला होता, पण ते आमच्या लाटेच्या आधीचं; जुनी मंडळी सांगायची तेवढंच. २००२च्या ४ आणि ५ डिसेंबरला गोठता पाऊस पडला. पाऊस पडताना पाणी असतं, फांदीला लागलं की बर्फ होतं. पाइनची उंच झाडं काचेची झाल्यासारखी वाकत गेली आणि मध्यरात्रीनंतर मोडू लागली. बंदुकीच्या बारासारखा आवाज, मग थोड्या वेळाने क्षितिजावर हिरवा-निळा लखलखाट, म्हणजे कुठेतरी ट्रान्स्फॉर्मर गेला. आमचे दिवे आधी बराच वेळ डिम-फुल होत राहिले, दोनदा गेले आणि आले, आणि मग गेले ते गेलेच. दोन्ही कॅरोलायनांत मिळून पंधरा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. काही भागांत ती यायला आठवडा उलटला.

तेव्हा कळलं की सगळं विजेवर असलेलं घर वीज गेल्यावर घर राहत नाही. चहा नाही, गरम पाणी नाही, हीटर नाही. महाराष्ट्रात लाइट गेले तर गॅस पेटवून पिठलं-भात होतो. इथे शेगडीच गार. लोकांनी आपापल्या परीने वाटा काढल्या. ज्यांच्याकडे गॅसची शेगडी होती त्यांच्या घरी इतर चार घरांतली माणसं जाऊन राहिली. आठ-दहा जण एका हॉलमध्ये रजया घेऊन झोपायचे, पातेलंभर खिचडी व्हायची. दिवसा ज्यांच्या ऑफिसात वीज होती ते तिथे फोन चार्ज करून आणायचे.

काही घरांत मात्र लोकांनी कोळशाची शेगडी आत आणली. शार्लट शहर ज्या मेक्लेनबर्ग काउंटीत येतं तिथली गोष्ट पुढे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अहवालात आली. त्या काउंटीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारं यंत्र घरात बसवण्याचा नियम आधीपासून होता. पण ज्या घरांत सगळं विजेवर चालतं आणि जोडून गॅरेज नाही, त्यांना त्यातून सूट होती. जळणच नाही तर वायू कुठून येणार, हा विचार. वीज गेली, कोळसा आत आला, आणि विषबाधेचे रुग्ण दवाखान्यांत येऊ लागले. अशा अनेक घरांत सूचना देणारं यंत्र नव्हतं. त्यानंतर काउंटीने सूट काढून सगळ्याच घरांना ते बंधनकारक केलं. सामाईक घरात राहणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी ही गोष्ट सांगतो, कारण त्याचं घर अजूनही सगळं विजेवरच असतं.

त्यानंतरची काही वर्षं विचित्र होती. आमच्याकडे वीज स्थिर झाली आणि घरी, महाराष्ट्रात, भारनियमन शिगेला पोचलं. जून २००५मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली. राज्यात चार-पाच हजार मेगावॅटची तूट, खेड्यांत दहा-बारा तास अंधार. रविवारी फोन केला की आई आधी सांगायची, “लवकर बोल, चारला लाइट जाणारेत.” २००६मध्ये पुण्यात उद्योगांचे जनरेटर चालवून शहराला भारनियमनातून सोडवण्याचा प्रयोग झाला, त्याची चर्चा कॅरीतल्या जेवणावळींतही रंगायची. मला मात्र त्याहून अक्षय प्रकाश योजनेचं महत्त्व जास्त वाटतं. गावाने मिळून ठरवायचं की संध्याकाळपासून सकाळपर्यंत मोटारी चालवायच्या नाहीत, आकडे काढून टाकायचे. बदल्यात दिव्यापुरती वीज अखंड मिळणार. एकाने मोटार लावली तर सगळ्या गावाचे दिवे बसणार. म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याला विचारायचं. कॅरीतल्या चांगल्या चाललेल्या सामाईक घरांमध्येही नेमकं हेच झालेलं मी पाहिलं आहे. फ्रिजवर कागद लावलेला: कोणता प्लग कोणत्या ब्रेकरवर आहे, फिरता हीटर कोणत्या खोलीत लावायचा, इस्त्री आणि मायक्रोवेव्ह एकत्र नकोत. हा कागद कुणी लावला त्यावरून घरात कोण काळजी घेतं ते कळायचं. बाकीच्या घरांत बिल चौघांत वाटलं जायचं आणि तक्रार कुणाच्याच वाट्याला यायची नाही. ज्याच्या नावावर मीटर, तो म्हणे मी पैसे भरतो ते पुरे. बाकीचे म्हणत, मीटर त्याच्या नावावर आहे, तो बघेल.

तक्रार करायची ठरली, तर दिवा एकट्या घराचा हलतो की सगळ्या इमारतीचा, हा पहिला प्रश्न. सगळ्या इमारतीचा असेल तर वीज कंपनीला कळवायचं. तिची बिलावरची नावंही या काळात बदलत गेली: आम्ही आलो तेव्हा कॅरोलायना पॉवर अँड लाइट, नंतर प्रोग्रेस एनर्जी, आणि २०१२च्या जुलैत ड्यूकमध्ये विलीन झाल्यावर ड्यूक एनर्जी प्रोग्रेस. एकट्या घराचा असेल तर मीटरपलीकडचं सगळं घरमालकाचं, म्हणजे अपार्टमेंटच्या ऑफिसचं. पण एक खूण अशी आहे की ती दिसली तर दोघांनाही ताबडतोब फोन करावा. मायक्रोवेव्ह लावल्यावर स्वयंपाकघरातला दिवा मंदावतो आणि त्याच वेळी बेडरूमचा दिवा नेहमीपेक्षा लख्ख होतो, ही ती खूण. आपल्याकडे याला न्यूट्रल गेला म्हणतात, आणि टीव्ही-फ्रिज जळाल्याच्या कथा प्रत्येक सोसायटीत असतात. इथे घरात १२० व्होल्टच्या दोन बाजू येतात, मध्ये न्यूट्रल. न्यूट्रलचा जोड सैल झाला की दोन्ही बाजूंची बेरीज २४० राहते पण वाटणी बिघडते. एका बाजूला ९० तर दुसरीला १५०. एका घरात हे झालं तेव्हा लॅपटॉपचे दोन चार्जर आणि राउटर गेला. त्या दिवशी “थोडा जास्तच उजेड पडतोय आज” असं म्हणून कुणी खुश झालं होतं, असं नंतर ऐकलं.

२०१२ नंतर तारेचे बल्ब दुकानांतून हळूहळू गेले आणि एलईडी आले. त्यामुळे गोंधळ वाढला. जुन्या बल्बची तापलेली तार किरकोळ चढउतार गिळून टाकायची. बरेच एलईडी काहीच गिळत नाहीत. त्यात भिंतीवर उजेड कमी-जास्त करायचं जुनं बटण असेल तर एलईडी कारण नसतानाही थरथरतो. त्यामुळे ऑफिसात तक्रार केली की ठरलेलं उत्तर मिळू लागलं: बल्ब बदलून बघा. निम्म्या वेळा ते बरोबरही असतं. उरलेल्या निम्म्यांसाठी मी मुलांना एकच गोष्ट करायला सांगतो: हलणारा बल्ब दुसऱ्या खोलीत लावा आणि तिथला इथे आणा. थरथर बल्बाबरोबर गेली तर बल्ब वाईट. जागेवरच राहिली तर भिंत वाईट.

२०२०च्या मार्चमध्ये सगळे घरी बसले आणि सामाईक घर हेच ऑफिस झालं. चार लॅपटॉप, आठ पडदे, एक राउटर. आतापर्यंत ज्या झटक्याकडे कुणी बघत नव्हतं त्या अर्ध्या सेकंदाच्या झटक्याने राउटर बंद होऊन परत उठायला काही मिनिटं घेऊ लागला, आणि एका वेळी चौघांच्या मीटिंगा तुटू लागल्या. तक्रारी वाढल्या त्या आगीच्या भीतीने नव्हे, नोकरीच्या भीतीने. पण वाढल्या हे चांगलंच झालं. त्या वर्षी जेवढे प्लग उघडले गेले तेवढे आधीच्या कुठल्याही वर्षी मी पाहिले नव्हते.

मग २०२२चा डिसेंबर. महिन्याच्या ३ तारखेला इथून तासा-दीड तासावर असलेल्या मूर काउंटीत कुणीतरी दोन उपकेंद्रांवर गोळ्या झाडल्या आणि ४५ हजार ग्राहक कित्येक दिवस अंधारात गेले. तीन आठवड्यांनी, २४ तारखेला, नाताळच्या आदल्या सकाळी, पारा उणे दहा अंशांच्या आसपास असताना ड्यूकने दोन्ही कॅरोलायनांत आळीपाळीने वीज तोडली. कंपनीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. सुमारे पाच लाख ग्राहकांना त्याची झळ बसली. थंडीने काही वीजकेंद्रांतली उपकरणं गोठली, मागणीचा अंदाज चुकला, बाहेरून घेतलेली वीज पोचली नाही. काही मिनिटांसाठी तोडलेली वीज काही भागांत बराच वेळ आलीच नाही. जानेवारीत अधिकाऱ्यांनी राज्याच्या वीज आयोगापुढे माफी मागितली.

त्या सकाळी फोनवर सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता: लोडशेडिंग. नव्याने आलेल्या मुलांना तो शब्द आई-वडिलांकडून ऐकून माहीत होता. आमच्या वयाच्या लोकांच्या अंगात तो मुरलेला. काय करायचं ते कुणालाही सांगावं लागलं नाही. गिझरचा ब्रेकर पाडला, फ्रिज उघडायचा नाही असं ठरलं, पाणी भरून ठेवलं. ती सवय तेव्हा उपयोगी पडली. भारनियमनात वाट बघणं हाच उपाय असतो. भिंतीतल्या सैल जोडापुढे तीच वाट बघण्याची सवय घातक ठरते. इतक्या वर्षांत हा एक फरक लोकांच्या गळी उतरवायला मला सगळ्यात जास्त बोलावं लागलं आहे.

कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे, हेही फार थोड्यांना ठाऊक असतं. उत्तर कॅरोलायनाच्या १९७७च्या भाडे कायद्याप्रमाणे घरातली वीजजोडणी सुरक्षित ठेवणं आणि बिघाड तत्परतेने दुरुस्त करणं ही मालकाची जबाबदारी आहे. अट एकच: तातडीची परिस्थिती नसेल तर कळवायचं ते लेखी. ऑफिसात जाऊन तोंडी सांगितलेलं गणतीत धरायचं नाही. ईमेल करावा, तारीख घालावी, फोनवर दिव्याचा व्हिडिओ काढून जोडावा, कुठला प्लग, कुठला ब्रेकर, काय लावल्यावर हलतो ते लिहावं. आणि चिडून भाडं थांबवू नये. अनेक जण ते करू पाहतात. या राज्यात न्यायालयाने ठरवण्याआधी भाडेकरूला आपल्या मनाने भाडं रोखता येत नाही. रोखलं तर घर सोडायची पाळी आपल्यावर येते. उलट, खरी तक्रार केली म्हणून सूड उगवायला बारा महिन्यांच्या आत घराबाहेर काढण्याविरुद्ध संरक्षण आहे.

पण हे संरक्षण भाडेकरूला आहे, आणि सामाईक घरात राहणारे सगळे जण कागदावर भाडेकरू नसतात. मला या विषयातली सगळ्यात काळजीची गोष्ट हीच वाटते. लीजवर दोघांची नावं, राहतात चौघं. इलेक्ट्रिशियन आला तर हॉलमधली तिसरी गादी बघेल, ऑफिसात सांगेल, म्हणून दिवा हलला तरी कळवायचं नाही. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे प्लगला वास येत होता आणि त्यावर कपाट सरकवून ठेवलं होतं. यात त्या मुलांचा दोष मानायला मी तयार नाही. पहिला पगार, शिक्षणाचं कर्ज, दोन बेडरूमचं वाढतं भाडं, आणि व्हिसाची टांगती तलवार. कुठल्याही ऑफिसच्या नजरेत न येणं हे त्यांना शहाणपणाचं वाटतं.

गेल्या शरद ऋतूत अशाच एका घरातल्या मुलाचा फोन आला. “काका, हीटर सुरू झाला की सगळे दिवे बसतायत आणि पॅनेलमधून बारीक आवाज येतोय.” पॅनेल कोमट लागत होतं. मी त्याला मुख्य ब्रेकर पाडून आधी रात्रीचा मुक्काम दुसरीकडे करायला सांगितलं आणि ही तातडीची परिस्थिती आहे, लेखी नंतर, आधी फोन कर, असं सांगितलं. तो म्हणाला, आम्ही चौघं आहोत. मी म्हटलं, मग चौघं म्हणूनच सांगा. त्यांनी सांगितलं. ऑफिसने त्याच रात्री माणूस पाठवला. मीटरकडून येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या केबलचा एक बोल्ट सैल पडून टोक काळं पडलं होतं, खालची पट्टीही खाल्ली गेली होती. पॅनेल बदलावं लागलं. उरलेल्या दोघांची नावं अर्ज आणि थोडी फी भरून लीजवर चढली. बाहेर कुणालाच काढलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याच इमारतीतल्या बाकीच्या घरांची पॅनेलं उघडून बोल्ट आवळले गेले, आणि आणखी एका घरात तसंच काळं पडलेलं टोक सापडलं. त्या घरातही आपलीच मुलं होती. त्यांचे दिवे उन्हाळ्यापासून हलत होते.